सुट्टीचा हिशेब



गेल्या महिन्यात याच पानावर मी जपानमधल्या माझ्या वर्गाविषयी लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एका भगिनीचं पत्र मनात राहिलं. त्यांनी विचारलं होतं, “ताई, तिथे तुम्हाला आठवड्याला दोन दिवस सुट्टी. मुलांचा डबा नाही, पाहुण्यांची ये-जा नाही, सासरची जबाबदारी नाही. मग शनिवार-रविवार तुम्ही करता तरी काय?”

प्रश्न साधा आहे. त्यात थोडी काळजी आहे, थोडा हेवाही असावा, आणि तो रास्त आहे. मीसुद्धा निघण्यापूर्वी असंच काहीसं स्वप्न पाहिलं होतं. पण उत्तर लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की प्रामाणिकपणे लिहायचं तर माझी एक चूकही सांगावी लागेल. तीही सांगते.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख करून देते. मी चिपळूणची. तिथल्या एका महाविद्यालयात हिंदी शिकवते, उर्दू घरातूनच आलेली. एप्रिलपासून ओसाकाजवळच्या एका विद्यापीठात दोन वर्षांसाठी पाहुणी शिक्षिका म्हणून आले आहे. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, चेरीची फुलं उमलतात त्या दिवसांत. घरी पती आहेत, सातवीत शिकणारा मुलगा आहे आणि सासूबाई आहेत. त्यांना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. भारत आणि जपान यांच्या घड्याळात साडेतीन तासांचं अंतर. चिपळुणात फजरची अजान होते तेव्हा माझं सकाळचं जेवणखाण आटोपत आलेलं असतं.

विद्यापीठात एक तास नव्वद मिनिटांचा असतो. असे आठवड्याला आठ तास. शिवाय तयारी, बैठका आणि वह्या. मुलं मन लावून शिकतात. जपानी भाषेत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. ‘ओसाकाहून’ म्हणायला ते ‘ओसाका कारा’ म्हणतात, म्हणजे प्रत्यय नावाच्या मागून, अगदी आपल्या पद्धतीने. त्यामुळे वाक्याची रचना मुलांना पटकन कळते. अडतात ती स्त्रीलिंग-पुल्लिंगापाशी. एक निर्जीव वस्तू पुरुष का आणि दुसरी बाई का, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

आता शनिवार.

शनिवारी सकाळी पहिलं काम धुण्याचं. इथे गॅलरीत आडव्या काठ्या असतात, त्यांवर कपडे वाळत घालायचे. ऊन पडलं की सगळ्या इमारतीच्या गॅलऱ्यांत गाद्या लटकू लागतात आणि त्या झोडपल्याचे आवाज येतात. मला चिपळूणचं अंगण आठवतं. मग कचरा. जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, काच वेगळी, डबे वेगळे. पाण्याची बाटली टाकायची तर झाकण काढायचं, वरचं वेष्टण सोलायचं आणि बाटली विसळायची. प्रत्येकाचा वार ठरलेला. पहिल्याच आठवड्यात मी चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली, तर ती संध्याकाळी तिथेच होती, वर एक चिठ्ठी चिकटवलेली. ओरडणारं कुणी नव्हतं, तरी मान खाली गेली. स्वच्छता हा ईमानचा भाग असं लहानपणापासून आपण पाठ करतो. इथे लोक ते पाठ न करता पाळतात, हे मान्य करायला हवं.

त्यानंतर बाजार. बाजारात वेळ जातो तो खरेदीत कमी आणि वाचण्यात जास्त. पावात कुठली चरबी आहे, गोड पदार्थात जिलेटिन आहे का, मसाल्याच्या पाण्यात ‘मिरिन’ तर नाही ना, हे पाहावं लागतं. मिरिन म्हणजे तांदळाची गोड दारू. इथल्या रोजच्या रश्श्यांत आणि मुरवलेल्या माशांतही ती असते. सुरुवातीला मी मोबाइलचा कॅमेरा वेष्टनावर धरून एकेक शब्द उलगडत असे. आता डुक्कर आणि दारू या दोन अर्थांची चिन्हं लांबूनही ओळखता येतात. विद्यार्थिनी हसतात. म्हणतात, तुम्ही ही चिन्हं आधी शिकलात, नमस्कार-चमत्कार नंतर. कोकणातल्या बाईचं नशीब एवढंच, की ताजी मासळी मुबलक मिळते. ‘साबा’ नावाचा मासा आपल्या बांगड्याचा भाऊबंद. घरून आणलेलं तिखट लावून तो तव्यावर टाकला, की घरात अर्धं चिपळूण येतं.

पहिले काही महिने शनिवारची दुपार मी कोबेसाठी राखून ठेवली होती. ओसाकाहून तपकिरी-लाल रंगाच्या आगगाडीने अर्ध्या तासात कोबेचं सान्नोमिया स्टेशन येतं. तिथून चढावर चालत गेलं की कितानो भाग लागतो आणि घरांच्या मधून मशिदीचा घुमट आणि मिनार दिसतात. ही जपानमधली पहिली मशीद, १९३५ साली उघडली. कोबे हे बंदर. तिथे व्यापारासाठी आलेले हिंदुस्थानी मुस्लिम, रशियातून परागंदा झालेले तातार आणि इतर देशांचे लोक यांनी पैसे जमवून ती उभी केली. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत कोबे शहराचा बहुतेक भाग जळून गेला, मशीद उभी राहिली. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंप झाला, सहा हजारांहून अधिक माणसं गेली, तेव्हाही ती उभी राहिली आणि बेघर झालेल्या लोकांना तिने आसरा दिला. आमच्या चिपळूणने २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरताना पाहिलं आहे. त्या दिवसांत मशिदी, शाळा, मंदिरं, जिथे जागा उंचावर होती तिथे माणसं एकमेकांना सांभाळून राहिली. म्हणून कोबेच्या मशिदीची ती गोष्ट मला परकी वाटली नाही.

बायकांच्या जागेत नमाज झाली की थोडा वेळ बसायला मिळतं. तिथे माझी एका इंडोनेशियन मुलीशी ओळख झाली. वय पंचविशीच्या आत. वृद्धांच्या देखभालीच्या केंद्रात काम करते. जपानमध्ये म्हातारी माणसं खूप आणि त्यांच्याजवळ बसायला तरुण हात कमी, म्हणून अशा मुली बाहेरून येतात. आमची दोघींची सामाईक भाषा म्हणजे मोडकीतोडकी जपानी आणि “अल्हम्दुलिल्लाह”. मी एकदा तिला विचारलं, तुझी सुट्टी कुठल्या वारी? ती हसली. तिला वार नसतो. महिन्याचा तक्ता लागतो, त्यात नाव जिथे नसेल तो दिवस सुट्टीचा. कधी मंगळवार, कधी शनिवार. ईदला सुट्टी मिळेलच असं नाही. त्या दिवशी गाडीत बसून मी विचार करत होते, शनिवार-रविवार हे शब्द आपण किती सहज वापरतो. ते सगळ्यांना मिळत नाहीत.

मशिदीच्या आसपास हलाल दुकानं आहेत. तिथून मटण, चिकन, मसूर, गव्हाचं पीठ घ्यायचं आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उतार उतरायचा. हा माझा शनिवार होता. त्यात काम होतं, इबादत होती, गप्पा होत्या आणि खिडकीतून दिसणारा समुद्रही होता. सुट्टी याहून वेगळी काय असते?

इथे एका माणसाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह १९०९ साली टोकियोत हिंदुस्थानी शिकवायला आले. म्हणजे जपानला येऊन आपली भाषा शिकवणाऱ्यांत ते आमचे पूर्वसुरी. नोकरी शिक्षकाची, पण वर्गाबाहेरचा वेळ त्यांनी ‘इस्लामिक फ्रॅटर्निटी’ नावाचं पत्र काढण्यात आणि इंग्रजी सत्तेविरुद्ध लिहिण्यात घातला. त्याची किंमत मोजावी लागली. पत्र बंद पडलं, १९१४ साली नोकरीही गेली. पुढे १९१५ मध्ये काबूलला हिंदुस्थानचं हंगामी सरकार स्थापन झालं, त्याचे ते पंतप्रधान झाले. १९२७ मध्ये अमेरिकेत, घरापासून दूरच त्यांचं निधन झालं. आज भोपाळच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मी सामान्य बाई, माझी त्यांच्याशी काय बरोबरी? पण रात्री एकटी असताना मनात येतं, की परदेशी शिक्षकाला ओळखायचं असेल तर त्याचा वर्ग पाहू नये, वर्ग सुटल्यावर तो काय करतो ते पाहावं. त्या मोकळ्या वेळात त्याने कशाची निवड केली, तेच त्याचं खरं ओळखपत्र.

आणि माझी निवड काय होती? आता त्या चुकीकडे येते.

पुरात आमच्या घराचा तळमजला गेला होता. भिंती सावरल्या, फर्निचर हळूहळू घेतलं, पण दुरुस्तीसाठी काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही. मी जपानला येण्यामागे शिकवण्याची आवड होती हे खरं, आणि ते कर्ज होतं हेही खरं. ऑगस्टमध्ये तीन आठवडे घरी जाऊन आले, तेव्हा बँकेचं पुस्तक पाहिलं. ऑक्टोबरमध्ये एक काम समोर आलं. पुण्याजवळच्या कारखान्यांत जपानी कंपन्यांचे अधिकारी दोन-तीन वर्षांसाठी जातात. जाण्याआधी त्यांना कामापुरतं हिंदी शिकायचं असतं. शनिवारी दुपारी दोन तास शिकवाल का, असं विचारणं आलं. मी विद्यापीठाची परवानगी काढली, परवान्याचे कागद रीतसर केले आणि हो म्हटलं. हिशेब केला, एवढे पैसे दरमहा वाचले तर कर्ज सहा महिने आधी संपेल.

वर्ग दोन तासांचा, पण जायला एक तास, यायला एक तास, तयारीला सकाळ. शनिवार संपला. कोबे सुटलं. मटण टपालाने मागवू लागले. शनिवारी तपासायच्या वह्या रविवारवर गेल्या. विद्यापीठात शनिवारी जावं तर शेजारच्या खोल्यांत दिवे असतातच. कुणी कुणाला विचारत नाही की सुट्टीच्या दिवशी का आलात. जपानी भाषेत ‘कारोशी’ असा शब्द आहे, अतिकामाने आलेला मृत्यू. तो रोखण्यासाठी २०१४ साली इथे वेगळा कायदा करावा लागला आणि २०१९ पासून जादा कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आली. मी हे वर्गात शिकवायच्या उताऱ्यासाठी वाचलं होतं. वाचून मुलांना समजावूनही सांगितलं होतं. आपल्याला त्यातलं काही लागू आहे असं मात्र वाटलं नव्हतं. माणूस असाच असतो.

रविवारी भारतात सकाळचे अकरा वाजतात, इथे अडीच. ही आमची फोनची वेळ. मुलगा मकतबमधून आलेला असतो, अम्मा स्वयंपाकाला लागलेल्या असतात, पती कुठेतरी मागून डोकावतात. ऑक्टोबरपासून मी काय करू लागले, तर फोन समोर पुस्तकांना टेकवून ठेवायचा आणि बोलता बोलता वह्या तपासायच्या. वाटायचं, कान तर मोकळेच आहेत. ‘हो का’, ‘मग?’, ‘छान’ असं अधूनमधून म्हणत होते. पंधरा वह्या आणि घरचा फोन, दोन्ही एका तासात होत होतं. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटत होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मुलगा शाळेच्या क्रिकेटच्या सामन्याविषयी सांगत होता. मध्येच थांबला.

“अम्मी, मी आत्ता काय म्हणालो?”

“तुमची टीम हरली म्हणालास.”

“ते आधी. त्यानंतर काय म्हणालो?”

मी गप्प. तो म्हणाला, “तू वह्या तपासतेयस. पानाचा आवाज येतो. आणि बरोबरची खूण केलीस की पेन टकटकतं.” आवाजात राग नव्हता. मग त्याने विचारलं, “किती राहिल्या?”

मी म्हटलं, चार. तो म्हणाला, “मग करून घे.” आणि फोन दादीच्या हातात दिला.

त्या चार वह्या मी तपासल्या. आज विचार करते तेव्हा तेच जास्त टोचतं, की त्या मी त्यानंतरही तपासल्या.

पुढच्या रविवारी तो फोनवर आला नाही. खेळायला गेलाय, असं कळलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा खेळायला. बारा वर्षांचा मुलगा खेळायला जाणारच, मी मनाची समजूत घातली. रात्री पतींचा वेगळा फोन आला. ते फारसं बोलणारे नाहीत. म्हणाले, “तो खेळायला जात नाही. मागच्या ओट्यावर बसून असतो. मी विचारलं तर म्हणाला, अम्मी कामात असते, तिला का त्रास द्यायचा.”

त्या रात्री इशाच्या नमाजनंतर मुसल्यावरून उठवेना. घर सोडून येताना नातेवाइकांत बरंच बोललं गेलं होतं. मुलाला टाकून चालली, पैशाच्या मागे लागली. त्या वेळी मी ठामपणे सांगितलं होतं, शिकवणं हलाल कमाई आहे, पतींची संमती आहे, मुलगा दादीपाशी आहे आणि रोज नाही तरी रविवारी मी पूर्ण त्याची असेन. लोकांना दिलेला शब्द मी पाळत होते, पैसे वेळेवर जात होते. मुलाला दिलेला मात्र मोडला होता. तोही साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त अंतरावर बसून, लाल पेनाच्या टकटकीने.

पैगंबरांनी (स.) सांगितलं आहे, की तंदुरुस्ती आणि फुरसत या दोन देणग्यांबाबत पुष्कळ माणसं तोट्यात असतात. मदरशात शिकले तेव्हा मला वाटायचं, फुरसत वाया घालवणं म्हणजे लोळणं, गप्पा मारणं, रिकामं बसणं. आता कळतं, की फुरसत कामाने भरूनही वाया जाते. रिकामा तास दिसला की त्यात पैसा किंवा काम ओतायचं, ही सवय कष्टाळू माणसाला लागते आणि कुणी त्याला दोष देत नाही. उलट पाठ थोपटतात. म्हणून ती सुटत नाही.

मी पतींशी बोलले. म्हटलं, शनिवारचा वर्ग सोडला तर कर्ज लांबेल. ते म्हणाले, “पाणी आलं तेव्हा एका रात्रीत गेलं ते चार वर्षांत भरत आलंय. अजून सहा महिने लागले तर लागू देत.” दुसऱ्या दिवशी मी कंपनीला कळवलं, की महिन्यातून दोनच शनिवार येऊ शकेन. इथे तोंडावर नाही म्हणत नाहीत. “थोडं अवघड आहे,” असं हसून म्हटलं की समजायचं. त्यांना थोडं अवघड होतं. डिसेंबरपासून दुसरे शिक्षक येतील. पैसे गेले, त्याची चुटपुट आहे, नाही म्हणणार नाही. हप्त्याच्या तारखेला अजूनही ती जाणवते.

२३ नोव्हेंबरला जपानमध्ये श्रमाबद्दल आभार मानण्याची सुट्टी असते. १९४८ पासून हा दिवस पाळतात. मुलांना मी त्या निमित्ताने निबंध दिला होता, ‘माझ्या घरात सर्वांत जास्त काम कोण करतं?’ बहुतेकांनी आईबद्दल लिहिलं. एका मुलीने लिहिलं, की तिचे वडील दुसऱ्या शहरात नोकरीला होते, ती लहान असताना ते महिन्यातून एकदा घरी येत आणि आले की झोपत. शेवटचं वाक्य व्याकरणाने चुकलेलं होतं, पण अर्थ असा होता, की वडिलांच्या पाठीचा आकार तिला तोंडापेक्षा जास्त आठवतो. त्या वाक्याखाली लाल खूण करायला माझा हात गेला नाही. वह्या मी शुक्रवारी रात्रीच संपवल्या.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी मिनोला गेले. ओसाकाच्या उत्तरेला डोंगरात हा धबधबा आहे, तेहतीस मीटर उंच. स्टेशनपासून झऱ्याच्या काठाने पाऊण-एक तास चालायचं. या दिवसांत मेपलची पानं लालबुंद होतात आणि सगळं ओसाका तिथे लोटतं. अडीच वाजता मी धबधब्यासमोरच्या दगडावर बसून फोन लावला. पतींना आधीच सांगून ठेवलं होतं, त्याला फोनपाशी बसवा.

तो आला, पण सुरुवातीला “हं”, “बरं” एवढंच. मी पाणी दाखवलं. म्हणाला, सवतसड्यापेक्षा मोठा नाहीये. मी म्हटलं, नाहीच आहे. मग एक गंमत दाखवली. मिनोच्या वाटेवर मेपलच्या पानांची भजी विकतात. पानं वर्षभर मिठात मुरवून ठेवतात, मग गोडसर पिठात बुडवून तेलात तळतात. मी आजीबाईला विचारून, पीठ आणि तेल कसलं ते बघून, एक पुडी घेतली होती. पान फोनसमोर धरलं, पाचही बोटं पसरलेलं.

“पानाची चव लागते का?”

“नाही. नुसता कुरकुरीत गोड शंकरपाळा.”

“मग पान कशाला घालतात?”

मी म्हटलं, आकारासाठी. तो हसला. मग वाटेवरच्या पाटीविषयी विचारलं. तिथे लिहिलं होतं, माकडांना खायला घालू नका, दंड होईल. त्यावरून दादीच्या ओट्यावरच्या माकडांची गोष्ट निघाली, त्यांनी वाळत घातलेले आंबोशीचे तुकडे कसे पळवले ती. त्यावरून शाळा, शाळेवरून तो हरलेला सामना. या वेळी मी विचारलं, हरल्यानंतर काय झालं होतं? तो क्षणभर थांबला. शेवटचा झेल त्याच्या हातून सुटला होता. मुलांनी चिडवलं होतं. दोन दिवस तो शाळेत डबा एकटाच खात होता. त्या रविवारी तो मला हेच सांगत होता, पान उलटल्याचा आवाज येत असताना.

सव्वा तास बोलणं चाललं. मग त्याच्या मित्रांनी खालून हाक मारली आणि “अम्मी, जातो” म्हणत फोन तसाच पलंगावर टाकून तो पळाला. मला चिपळूणच्या घराचा पंखा दिसत राहिला. या वेळी तो खरंच खेळायला गेला होता.

पंखा पाहत बसले असताना अम्मांनी फोन उचलला. पदराला हात पुसत होत्या. वय चौसष्ट. मी आल्यापासून घर त्यांच्यावर आहे. सहज विचारलं, “अम्मा, तुम्हाला सुट्टी कधी असते?” त्या हसल्या. “मला? सुट्टी द्यायला मी कुणाच्या नोकरीत आहे?”

वाक्य विनोदात म्हटलं होतं, पण मी धबधब्यासमोर बसून भजी खात होते, ती त्यांच्या कामावर उभी राहून. पत्र लिहिणाऱ्या भगिनीला सांगायचं ते हेच. “सासरची जबाबदारी नाही” असं तुम्ही लिहिलंत. जबाबदारी गेलेली नाही, ती दुसऱ्या एका बाईने उचलली आहे. माझा रविवार तिच्या हातांतून येतो.

मी तो विषय तिथेच सोडला नाही. पतींना सांगितलं. पैगंबर (स.) घरात असताना घरच्यांच्या कामाला हात लावत, आपले कपडे स्वतः ठिगळ लावून घेत, हे आपण मुलांना सांगतो. मग रविवारची संध्याकाळ अम्मांची. त्या दिवशी चूल बाप-लेकाची. पहिल्या रविवारी म्हणे घावणे तव्याला चिकटले, आणि अम्मा तीनदा उठून आत आल्या, तिन्ही वेळा नातवाने हात धरून परत बसवलं. शेवटी अंडी-पाव खाल्ला. अम्मांना चैन पडलं नाही, असं त्या मला म्हणाल्या. पण त्यांनी नणंदेला फोन करून तासभर गप्पा मारल्या, हे मला नणंदेकडून कळलं.

तर असे माझे शनिवार-रविवार. शनिवारी धुणं, कचरा, बाजार आणि पुन्हा कोबे. ती इंडोनेशियन मुलगी या महिन्यात एका शनिवारी भेटली, तक्त्यात तिचं नाव नव्हतं म्हणून. रविवारी सकाळी वाचन, थोडं चालणं, आणि अडीच वाजता मेजावर काहीही नाही. वही नाही, पेन नाही. फक्त फोन आणि चहा.

डिसेंबरात इथे पाचच्या आधीच मगरिब होते. फोन संपेपर्यंत खिडकीबाहेर उजेड सरत आलेला असतो. त्या उरल्यासुरल्या वेळात काही काम उरकता येईल, असं मन अजूनही म्हणतं. सवय आहे, जाईल हळूहळू.

तुम्हालाही एक विनंती. तुमच्या घरात रविवार कुणाचा असतो आणि कुणामुळे असतो, हे एकदा जेवायला बसल्यावर विचारून पाहा. काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा. दुआंमध्ये आठवण ठेवा.